शंकरपट, यवतमाळ जिल्ह्यातील

विदर्भात भरणारी बैलजोड्यांची धावण्याची शर्यत. नुसत्या ‘पट’ या नावानेही ती ओळखली जाते. बैल म्हणजे नंदी हे शंकराचे वाहन, म्हणून शर्यतीस शंकराचे नाव जोडले गेले, अशी समजूत आहे. यवतमाळ जिल्ह्यात ती गावोगावच्या शेतकऱ्यांच्या वार्षिक जीवनाचा एक भाग होती. २०११ पासून सु. दहा वर्षे कायद्याच्या वादामुळे ती बंद पडली व डिसेंबर २०२१ नंतर पुन्हा भरू लागली.

पार्श्वभूमी : वर्धा व पैनगंगा या नद्यांनी बऱ्याच अंशी सीमित झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १३,५८२ चौ. किमी. असून त्यात सोळा तालुके आहेत. काळ्या जमिनीतील कपाशी हे येथील मुख्य पीक होय. वखरणी, तिफणीने पेरणी आणि कपाशीच्या ओळींमधील डवरणी ही कामे परंपरेने बैलजोडीवर अवलंबून राहिली. वेचलेला कापूस बाजारात नेणारी बंडी आणि माणसांच्या प्रवासाची हलकी रेंगी या दोन्ही बैलच ओढीत. त्यामुळे कोणाची जोडी अधिक कामाची व कोणाची अधिक चपळ, हा शेतकऱ्यांच्या नित्य चर्चेचा विषय असे. पोळ्याच्या दिवशी बैलांचा मान राखला जातो, तर पटाच्या दिवशी त्यांची परीक्षा होते.

हंगाम : खरिपाची पिके निघून शेते मोकळी झाली, की पटाचा हंगाम सुरू होतो. साधारणतः मकरसंक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत आणि काही ठिकाणी त्यापुढेही पट भरतात. अनेक ठिकाणी गावच्या यात्रेला जोडून एक किंवा अधिक दिवसांचा पट ठेवण्यात येतो. एका गावचा पट संपला, की शर्यतीच्या जोड्या दुसऱ्या गावच्या पटास नेल्या जातात. पूर्वी त्या पायी नेत; आता मालवाहू मोटारींतून नेतात. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यांतील जोड्याही यवतमाळात येतात व येथील जोड्या बाहेर जातात. जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध असून तेथे महिला धुरकऱ्यांची स्वतंत्र शर्यतही घेण्यात आली आहे.

मोटारगाड्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत हंगामातील सर्व फेऱ्यांचे गुण एकत्र मोजून विजेता ठरविला जातो. शंकरपटात अशी गुणपद्धती नाही. प्रत्येक पट स्वतंत्र असतो. त्याचे आयोजक, नियम व बक्षिसे त्या त्या गावापुरती असतात. हंगामभर जमा होत जाते ती जोडीची कीर्ती आणि तिच्याबरोबर जोडीची किंमत. सतत पहिल्या येणाऱ्या जोडीस बाजारातील सामान्य बैलांच्या अनेक पट किंमत मिळते. म्हणूनच बक्षिसाच्या रकमेपेक्षा पटातील क्रमांकास शेतकरी अधिक महत्त्व देतात.

मैदान, गाडी व धुरकरी : पटासाठी पीक निघालेले सपाट शेत किंवा गावाबाहेरचे मैदान निवडतात. त्यातील दगड व धसकटे काढून जमीन सारखी करतात व सरळ धाव आखतात. धावेच्या शेवटी जोडीस वेग कमी करून थांबता यावे, म्हणून पुढे पुरेशी मोकळी जागा सोडावी लागते. शर्यतीची गाडी दोन चाकांची, अतिशय हलकी व जेमतेम एक माणूस टेकू शकेल एवढीच असते. ती हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. तोल सांभाळणे, दोन्ही बैलांचा वेग सारखा राखणे आणि जोडी धावेबाहेर जाऊ न देणे ही त्याची मुख्य कामे होत. एक बैल मागे पडला, तर गाडी तिरपी होऊन उलटण्याचा धोका असतो. यामुळे सर्वांत वेगवान असे दोन बैल जुंपले म्हणजे उत्तम जोडी झाली असे नव्हे. ज्यांची चाल एकमेकांशी जुळते त्यांचीच जोडी यशस्वी होते.

वेळ व गट : पश्चिम विदर्भात बहुधा एका वेळी एकच जोडी धावते व तिला लागलेला वेळ मोजला जातो. पूर्व विदर्भात दोन जोड्या शेजारीशेजारी सोडून त्यांची प्रत्यक्ष झुंज लावण्याची रीत आहे. ठरलेले अंतर काही सेकंदांतच तोडले जात असल्याने निकाल सेकंदाच्या अंशावर अवलंबून असतो. पूर्वी हातातील घड्याळाने वेळ मोजीत व त्यावरून वाद होत. अलीकडे इलेक्ट्रॉनिक घड्याळांचा उपयोग होऊ लागला आहे. बाहेरून येणाऱ्या नामांकित जोड्यांपुढे स्थानिक शेतकऱ्याच्या जोडीचा टिकाव लागणे कठीण, म्हणून खुल्या गटाबरोबर गावच्या किंवा परिसरातील जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात.

राज्याच्या इतर भागांतील प्रकार याहून भिन्न आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात चढाच्या घाटावर बैलगाडा पळविला जातो व त्यात बैलांच्या पुढे घोडीही धावते. सातारा–सांगली भागात अनेक छकडे एकाच वेळी गटागटाने सोडतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक करण्याची परंपरा असून तेथील रंगभूमीच्या वाढीस पटांचा मोठा आधार मिळाला.

बैल : विदर्भातील गवळाऊ ही जात हलक्या बांध्याची, पांढऱ्या रंगाची व जलद चालणारी आहे. मराठ्यांच्या सैन्याच्या वाहतुकीस ती उपयोगी पडे, असे सांगितले जाते. पश्चिम महाराष्ट्रातील खिल्लार जातीचे बैलही वेगाबद्दल प्रसिद्ध आहेत. शर्यतीच्या बैलास नांगराच्या जड कामास सहसा जुंपत नाहीत. त्याला कडबा, सरकीची ढेप, पीठ इत्यादींचा पौष्टिक खुराक देतात व रोज ठरावीक चाल करवितात. हा खर्च लहान शेतकऱ्यास सहज परवडणारा नसतो.

कायदेशीर वाद : बैल वेगाने पळावा म्हणून त्याची शेपटी पिरगाळणे, पराणीचे टोक टोचणे, चाबकाने मारणे व विजेचा झटका देणे असे प्रकार ठिकठिकाणच्या शर्यतींत घडत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाच्या आधारे त्यांस विरोध झाला. जुलै २०११ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून, ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. त्यानंतर राज्यातील शर्यतींवर बंदी आली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह बैलगाड्यांच्या शर्यती बेकायदा ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्याच्या शर्यतीस योग्य नाही आणि त्याला अनावश्यक वेदनांपासून संरक्षण मिळाले पाहिजे, अशी या निर्णयाची भूमिका होती.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने दिलेल्या सवलतीस न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये केंद्रीय अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटींवर परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. या नियमांमुळे प्राण्यांच्या वेदना बऱ्याच अंशी कमी होतात, असे पीठाने मानले. मात्र नियमांचे काटेकोर पालन करवून घेण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली.

राज्याच्या नियमांनुसार पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पशुवैद्यकाने बैल तपासून तो धावण्यास योग्य असल्याचा दाखला द्यावा लागतो. काठी, चाबूक, पराणी, विजेचे साधन व उत्तेजक पदार्थ यांना मनाई आहे. बैलास क्रूरपणे वागविल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

महत्त्व व सद्यःस्थिती : बंदीच्या काळात शर्यतीच्या बैलांची मागणी घटली. ट्रॅक्टरचा प्रसार झाल्यामुळे शेतीतील बैलांची गरज त्याआधीपासूनच कमी होत होती. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीस बंदी आल्याने म्हातारा बैल विकण्याचा मार्गही खुंटला. राज्यातील गायीबैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सु. १.५५ कोटी होती, ती २०१९ मध्ये सु. १.४० कोटींवर आली. पटामुळे देशी बैल जोपासण्यास शेतकऱ्यास कारण मिळते, असे शर्यतींचे समर्थक म्हणतात. प्राणिमित्र संघटनांच्या मते जातींचे संवर्धन शर्यतीवाचूनही करता येते आणि गर्दीच्या मैदानात नियमभंग उघडकीस आणणे अवघड असते. शिवाय पटाचा लाभ शर्यतीच्या मोजक्या बैलांपुरताच राहतो. डवरणीच्या सामान्य बैलाची किंमत त्याने वाढतेच असे नाही. पटाचे भवितव्य यामुळे दोन गोष्टींवर अवलंबून आहे : मैदानावर नियम कितपत पाळले जातात आणि यवतमाळच्या शेतात बैलास काम कितपत उरते. शेतातील बैल गेल्यास पट हा शेतकऱ्यांचा उत्सव न राहता केवळ काही हौशी मालकांचा खेळ होण्याचा संभव आहे.