आपली वस्ती आपणच मोजावी



‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी आपल्या मराठीत म्हण आहे. वस्ती सुधारण्याच्या कामात ही म्हण किती खरी ठरते, ते या लेखात सांगायचे आहे. विषय कोरडा वाटेल, पण आज तो आपल्यापैकी पुष्कळांच्या दाराशी येऊन ठेपला आहे. रामले, लोद, अश्दोद, बेरशेवा अशा गावांतल्या जुन्या शिकुनांतून ‘पिनुई-बिनुई’ची बोलणी चालली आहेत. जुनी इमारत पाडायची, त्या जागी उंच इमारत बांधायची आणि जुन्या रहिवाशांना त्यात नवे घर द्यायचे, अशी ही योजना. कंपनीची माणसे फाईल घेऊन येतात, गोड बोलतात आणि सह्या मागतात. आपल्यातली वडीलधारी माणसे बाजारात, कुपात खोलीममध्ये हिब्रू बोलतात हो, पण वीस-पंचवीस पानांचा करार वाचणे म्हणजे निराळीच गोष्ट.

सही करा किंवा करू नका, हे सांगणारे आम्ही कोण? आमचे म्हणणे एवढेच की, सहीच्या आधी आपण आपली इमारत आणि आपली गल्ली स्वतः मोजून, लिहून ठेवावी. आम्ही नर्सेस. नाडी, ताप, रक्तदाब चार्टवर लिहिल्याशिवाय डॉक्टरांना हाक मारायची नाही, ही आमची शिस्त. चार्ट नसला तर डॉक्टर अंदाजाने बोलतात. वस्तीचा चार्ट नसला तर सगळेच अंदाजाने बोलतात.

नागपाड्याची शिकवण

मुंबईहून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचे मूळ घर भायखळा, नागपाडा, आग्रीपाडा, माझगाव याच भागात होते. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग, माझगावची सर एली कदूरी शाळा ही नावे काढली की आजही डोळे भरून येतात. याच नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ड नावाच्या अमेरिकन मिशनरी गृहस्थांनी १९२० च्या दशकात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केले. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, यहुदी अशी सर्व प्रकारची वस्ती तिथे दाटीवाटीने राहत होती. मुलांना खेळायला जागा, मोठ्यांना वाचायला जागा आणि सगळ्यांना एकत्र बसायला जागा, असे ते घर होते. मॅन्शार्डसाहेबांचा आग्रह असा की, समाजसेवा करणाऱ्याने आधी वस्ती नीट अभ्यासली पाहिजे. दानधर्माने पोट भरते, पण वस्ती का बिघडली ते कळत नाही. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९३६ साली समाजकार्य शिकवणारी भारतातली पहिली शाळा निघाली, ती याच घरात. तीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून नावारूपाला आली. आपल्या जुन्या मोहल्ल्यातून एवढी मोठी विद्या निघाली, याचा आपल्यालाही अभिमान वाटायला हरकत नाही.

फूटपाथवरच्या बायकांची शिरगणती

आता त्याच भायखळ्याची पुढची गोष्ट ऐका. आपल्यापैकी बहुतेक जण आलिया करून इकडे आले होते, तेव्हाची ही हकीकत.

भायखळ्याच्या फूटपाथवर झोपड्या बांधून हजारो कुटुंबे राहत. १९८१ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना हटवायचे ठरवले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. १९८५ च्या जुलैमध्ये निकाल लागला, तो ‘ओल्गा टेलिस खटला’ म्हणून प्रसिद्ध आहे. पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे कोर्टाने मानले, पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला पालिकेला मोकळीकही दिली. म्हणजे पावसाळा संपला की झोपड्या तुटणार, असे सर्वांना वाटू लागले.

आदल्याच वर्षी, म्हणजे १९८४ साली, शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ नावाची संस्था सुरू केली होती. शीलाबाई त्याआधी नागपाडा नेबरहूड हाऊसमध्येच काम करत होत्या. संस्थेचे पहिले ऑफिस म्हणजे भायखळ्याला पालिकेच्या दवाखान्याच्या आवारातले एक गॅरेज! फूटपाथवरच्या बायका तिथे येऊन बसत. निकालानंतर रडत बसण्यापेक्षा, किंवा दगड हाती घेण्यापेक्षा, या मंडळींनी शिरगणती हाती घेतली. सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती गोळा झाली. गावाहून कधी आलात, का आलात, काम कुठे करता, कामाला कसे जाता, पाणी कुठून आणता, असे साधे प्रश्न. तो अहवाल १९८५ सालीच छापला गेला, त्याचे नाव ‘वी, द इनव्हिजिबल’, म्हणजे कोणाला न दिसणारे आम्ही.

त्यातून काय कळले? शहरातल्या शहाण्यासुरत्या लोकांचा समज होता की, ही माणसे आज इथे तर उद्या तिथे, नुसती फिरती. पाहणीत निघाले की, पुष्कळ कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच फूटपाथवर राहत होती, मुले तिथेच जन्मलेली, आणि काम चालत जाण्याच्या अंतरावर. ट्रेन-बसला पैसे नाहीत म्हणून तर ती कामाजवळ राहत होती. लांब नेऊन टाकले तर काम जाणार आणि माणसे परत त्याच फूटपाथवर येणार, हे आता कागदावर आले. कागदावर आलेले साहेबलोकांना खोडता येत नाही. त्या वर्षी ज्या मोठ्या तोडफोडीची भीती होती ती तशी झाली नाही.

पुढच्या वर्षी त्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना त्यांच्या जोडीला आली. बायकांनी मग आपल्याला घर कसे हवे ते स्वतः ठरवले. साड्या धरून खोलीची लांबी-रुंदी आखली. खोली १४ फूट उंच हवी, म्हणजे आत माळा घालता येईल आणि एका खोलीच्या दोन होतील, हे कुठल्या इंजिनिअरला सुचले नव्हते. ज्या बाईला सात माणसे एका खोलीत झोपवायची असतात, तिला ते सुचते.

शौचालयाचेही तसेच. १९९९ पासून पुणे महानगरपालिकेने वस्त्यांमध्ये सार्वजनिक शौचालये बांधायचे काम स्वयंसेवी संस्था आणि रहिवासी यांच्याकडे दिले. ४०० च्या वर शौचालये बांधली गेली. महिला मिलनच्या बायकांनी सांगितले की, लहान मुले रांगेत मागे ढकलली जातात आणि शेवटी गटारावर बसतात, म्हणून मुलांसाठी वेगळी, छोटी जागा ठेवा. हगवणीच्या वॉर्डात काम केलेल्या आम्हां नर्सेसना विचारा, या एका सूचनेने किती पोरे वाचत असतील!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोजले आणि लगेच घर मिळाले, असे झाले नाही. फूटपाथवरच्या लोकांना पुनर्वसनाचा हक्क आहे, हे सरकारी धोरणात यायला १९९५ साल उजाडले, आणि प्रत्यक्ष घरे मिळायला त्याहून उशीर लागला. पण तोवर त्या बायका विखुरल्या नाहीत. वही त्यांच्या हाती होती, म्हणून वाटाघाटीत त्यांना खुर्ची मिळाली.

इथे इस्राएलमध्ये

असे काम आपल्याकडेही झाले आहे. १९७७ साली पंतप्रधान मेनाहेम बेगीन यांनी ‘शिकुम हा-श्खुनोत’ ही वस्ती-सुधारणा योजना जाहीर केली आणि १९७८ पासून ती चालू झाली. परदेशातले यहुदी समाज एकेका गावाशी जोडले गेले. आपल्या रामलेची जोडी अमेरिकेतल्या डेट्रॉईटशी होती. या योजनेत एक मोठी गोष्ट होती. प्रत्येक वस्तीत एक समिती नेमली जाई आणि तिच्यात निम्मे सभासद रहिवाशांपैकी असत. तोपर्यंत आपल्याला, म्हणजे सगळ्याच ओलीमना, घर कुठे आणि केवढे ते वरून सांगितले जाई. आता समितीत शेजारच्या जिन्यातली बाई बसून बोलू लागली.

योजना चालली की नाही हे पाहण्यासाठी हैफाच्या तेखनियोनमधील राशेल अल्टरमन, नाओमी कार्मोन आणि मोशे हिल यांनी निरनिराळ्या वस्त्यांचा अभ्यास केला. कार्मोनबाईंनी दाखवून दिले की, सरकारने मदत दिली आणि निर्णय रहिवाशांच्या हाती ठेवला, तर जुन्या लहान शिकुनांतले लोक स्वतःच घर वाढवतात, नीट ठेवतात आणि वस्ती सोडून जात नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तेव्हा एक खोली मागे वाढवली, बाल्कनी बंद केली, ती घरे अजून उभी आहेत. पण सगळे गोड झाले नाही. भिंती लवकर बदलल्या, ‘ती वस्ती’ म्हणून नाक मुरडणे मात्र पुष्कळ वर्षे टिकले.

आजचा प्रश्न

आता त्याच शिकुनांची पाळी आली आहे. जुन्या घरांना लिफ्ट नाही, ममाद नाही. नव्या घरात ममाद असलाच पाहिजे, हा नियम आखाती युद्धानंतर १९९२ पासूनचा, आणि आपली घरे त्याच्या कितीतरी आधीची. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध झाले, तेव्हा वॉकर घेऊन तीन जिने उतरणे म्हणजे काय, ते आपल्या म्हाताऱ्यांनी भोगले आहे. त्यामुळे नवी इमारत नकोच, असे कोणी म्हणू नये.

पण कायदाही समजून घ्यावा. २०२१ च्या बदलानंतर दोन तृतीयांश मालकांनी होकार दिला की, योग्य कारणाशिवाय अडून बसणाऱ्याविरुद्ध कोर्टात जाता येते. वयोवृद्धांपुढे वेगळे पर्याय ठेवावेत, अशीही तरतूद कायद्यात आहे, पण ती मागावी लागते. मागायची कोणी? ज्याला आपल्या इमारतीत किती वयोवृद्ध आहेत हे माहीत आहे, त्याने.

आमच्या शिकुनमध्ये आम्ही दोघी निवृत्त बायका शाळेची वही घेऊन जिन्या-जिन्याने फिरलो. पहिल्याच दारात एक मावशी म्हणाल्या, “अगं, मोजून काय होणार? इरियावाले आले, फोटो काढून गेले, परत कोणी आले का?” आम्ही म्हटले, “मावशी, ते फोटो त्यांच्याकडे. ही वही आपल्याकडे राहणार.” मग त्यांनी चहा टाकला आणि आम्हांला ठाऊक नसलेल्या चार गोष्टी सांगितल्या. २४ घरांत सत्तरीच्या पुढचे ११ जण निघाले. त्यांतले पाच जण एकटे. एक आजोबा चार महिने खाली उतरलेलेच नव्हते, कारण शेवटच्या तीन पायऱ्यांना कठडा नाही. मिक्लातची किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो रात्रपाळीला जातो. ही माहिती इतकी वर्षे एका इमारतीत राहून कोणाजवळ नव्हती. वाद बायितच्या पुढच्या बैठकीत वही उघडली. कठडा दोन आठवड्यांत लागला आणि किल्लीच्या तीन प्रती झाल्या. कंपनीची माणसे आली तेव्हा आम्ही त्यांना प्रश्न विचारले, कारण प्रश्न तयार होते.

तुमच्या वहीत निदान एवढे तरी असू द्या:

– प्रत्येक घरात माणसे किती, वये काय, एकटे कोण राहते.

– मालक कोण, भाडेकरू कोण, अमीदारचे घर कोणते.

– वॉकर, चाकाची खुर्ची, ऑक्सिजन कोणाला लागतो. मिक्लातला पोहोचायला कोणाला किती वेळ लागतो, घड्याळ लावून पाहा.

– हिब्रू वाचता कोणाला येते, कोणासाठी मराठीतून समजावणारा माणूस पाहिजे.

– शब्बाथला पायी सिनेगॉगला कोण जाते, आणि बांधकामाच्या काळात दुसरीकडे राहायला गेले तर ते अंतर चालता येईल का.

– महिन्याला वाद बायित आणि आरनोना मिळून किती भरता येते. उंच इमारतीत लिफ्टचा, सफाईचा खर्च वाढतो, तो पेन्शनमध्ये बसेल का.

– शेजारी कोणाची किल्ली कोणाकडे आहे. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण घर बदलले की हेच आधी तुटते.

माहिती गोळा झाली की सर्वांना बोलावून वाचून दाखवा. चुकले असेल ते लोक तिथेच दुरुस्त करतील. कोणाचा आजार किंवा पैशाची अडचण नावानिशी चारचौघांत वाचू नका, फक्त आकडा सांगा. एक प्रत रहिवाशांनी स्वतः निवडलेल्या वकिलाला द्या आणि एक इरियाच्या समाजसेवा खात्याला. मूळ वही मात्र कोणाच्याही हाती देऊ नका.

हे काम तरुणांचे, असे म्हणून बाजूला बसू नका. तरुण दिवसभर कामाला जातात. दुपारी दार उघडायला घरी असतो तो आपण, आणि कोणत्या दारामागे कोण आहे हे जाणतोही आपणच. भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांनी कुटुंबांमागून कुटुंबे मोजून काढली. आपल्याला तर मराठी शाळेच्या मास्तरांनी पाढे घोकून घेतले आहेत.

या सुट्टीनंतर एक वही आणा, एक शेजारीण सोबत घ्या आणि तळमजल्यापासून सुरुवात करा.