पोलादी तुळयांवरची माणसे

पोलादी सांगाडा उभारणाऱ्या कामगाराचा धोका अन्य कारागिरांच्या धोक्याहून मुळातच निराळा आहे. कारण गवंडी कामावर येतो तेव्हा त्याच्या पायांखाली बहुधा पक्की जमीन तयार असते, परंतु याला मात्र ज्या वीतभर रुंदीच्या तुळईवर उभे राहून पुढली तुळई जोडायची, तीच पहाटेच्या दवाने निसरडी झालेली तुळई त्याची सारी भूमी असते.

सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाचे काम १९३३ साली सुरू झाले, तेव्हा दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक कामगार दगावावयाचाच, असा निर्दय हिशेब त्या धंद्यात रूढ होता. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी तो न मानता सुमारे १ लाख ३० हजार डॉलर खर्चून पुलाखाली दोरखंडाचे विस्तीर्ण जाळे बांधविले, आणि जेथून सुमारे २२० फूट खालच्या पाण्यावर माणूस ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळला असता, तेथून निसटलेले १९ जण त्या जाळ्याने झेलले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र बारा माणसांसह सुटलेली अवजड परांची ते जाळे फाडून खाली गेली व दहा जण प्राणांस मुकले. यावरून जाळ्यास दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ते माणसाचा भार पेलण्यासाठी होते, टनांचा नव्हे.

आपल्याकडे १९९६ च्या कायद्याने बांधकामावरील सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली. तरीही सुरक्षेचा पट्टा वाटून दिला की कर्तव्य सरले, असा समज कंत्राटदारांत आढळतो, आणि तो घातक आहे. पट्ट्याची दोरी पावणेदोन मीटरांची, धक्का शोषताना उलगडणारा तिचा भाग मीटरभर, शिवाय खाली लोंबणारे माणसाचे शरीर व थोडे राखीव अंतर, हे सारे जमेस धरले तर दोरी पायांपाशी अडकविणाऱ्याला खाली पाच मीटरांहून अधिक मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या उंचीवर असा कामगार पट्टा बांधलेला असूनही जमिनीवर आदळेल. म्हणून दोरी डोक्यावरच्या भक्कम आधाराला अडकविता येईल, अशी तजवीज तुळई वर चढण्यापूर्वीच व्हावयास हवी.

पट्ट्याने वाचलेला माणूसही निश्चल लोंबत राहिला तर रक्त पायांत साचून काही मिनिटांतच त्याची शुद्ध हरपू शकते. त्याला कोणी, कोणत्या शिडीने वा पाळण्याने उतरवावयाचे, हे मुकादमाने सकाळी काम सुरू करण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागते.