पोटातल्या कावळ्यांचा पत्ता

भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. त्यांचा पत्ता मात्र १९९९ मध्ये लागला, आणि तोही भलतेच काही शोधताना.

ओसाकाच्या राष्ट्रीय हृदयविकार केंद्रात मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांना हवा होता वाढीचे संप्रेरक स्रवायला लावणारा नैसर्गिक रेणू. त्याचे कुलूप, म्हणजे पेशीवरचा ग्राही, मर्क कंपनीच्या संशोधकांनी १९९६ मध्येच शोधले होते. किल्ली सापडत नव्हती. कुलूप पियुषिकेत आणि हायपोथॅलॅमसमध्ये, तेव्हा किल्लीही मेंदूतच असणार, असा होरा होता. निघाली ती उंदराच्या जठरात! २८ अमिनो आम्लांची माळ आणि तिच्या तिसऱ्या मण्याला चिकटलेले आठ कार्बनचे मेदाम्ल. वाढ या अर्थाच्या प्राचीन धातूवरून तिचे नाव ठेवले ‘घ्रेलिन’. त्या बारशात भुकेला कोणी बोलावले नव्हते.

ती वर्षभरातच न बोलावता आली. २००० मध्ये मथियास चॉप आणि सहकाऱ्यांना दिसले, की घ्रेलिन टोचलेले उंदीर चरबी कमी जाळतात आणि लठ्ठ होतात. पुढच्या वर्षी लंडनमध्ये नऊ निरोगी माणसांना ते शिरेतून दिले. समोर मांडलेल्या जेवणातून त्यांनी सुमारे २८ टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली. त्याच वर्षी सिएटलच्या डेव्हिड कमिंग्जने दिवसभर रक्त तपासले. प्रत्येक जेवणाआधी पातळी जवळपास दुप्पट होई, आणि जेवण झाले की तासाभरात खाली येई. उपाशी माणसातही ती नेहमीच्या जेवणवेळांच्या सुमारास चढते आणि काही न खाता उतरते, हे पुढे दिसले. एकादशीला दुपारी उसळलेली भूक तासाभराने आपोआप निवते, हा अनुभव घराघरातला आहे.

मग काय, लठ्ठपणाचा खलनायक सापडला म्हणून औषध कंपन्या कामाला लागल्या. घ्रेलिन अडवणारी औषधे झाली, लसही झाली. वजन घटवणारे औषध काही त्यातून हाती आले नाही.

खरे तर इशारे आधीच मिळाले होते. लठ्ठ माणसांच्या रक्तात घ्रेलिन सडपातळ माणसांपेक्षा कमीच असते. २००३ मध्ये घ्रेलिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर तेही नेहमीसारखेच खात आणि वाढत होते. उलट वजन उतरवलेल्यांत घ्रेलिन चढते. कमिंग्जच्या २००२ च्या अभ्यासात आहाराने १७ टक्के वजन कमी केलेल्यांचे घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढले होते. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात तर डाएट संपून वर्ष उलटले तरी ते चढेच होते. डाएट सोडणाऱ्याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे निष्कर्ष पाहायला हरकत नाही.

मग घ्रेलिन आहे तरी कशासाठी? हे कोडे बरेचसे सुटले डॅलसमध्ये. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या नोबेल विजेत्या जोडीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये घ्रेलिनला मेदाम्ल चिकटवणारे विकर शोधले. त्याच्या लांबलचक नावाचे लघुरूप ‘गोट’, म्हणजे इंग्रजीत बकरी. दिसेल ते चघळणाऱ्या प्राण्याचे नाव भुकेच्या विकराला आपसूक मिळाले. मेदाम्लाशिवाय घ्रेलिन आपल्या ग्राहीला जागे करू शकत नाही. दोन वर्षांनी तिथेच, साध्या आणि हे विकर नसलेल्या अशा दोन्ही उंदरांचे खाणे ६० टक्क्यांनी घटवले. साधे उंदीर रोडावले, पण रक्तातली साखर राखून राहिले. विकर नसलेल्यांची साखर आठवड्याभरात मरणाच्या दारापर्यंत घसरली. त्यांना घ्रेलिन दिले की ती सावरत होती, आणि वाढीचे संप्रेरक दिले तरीही. चरबी संपत आल्यावर जठर घ्रेलिनमार्फत पियुषिकेला हाक देते आणि वाढीचे संप्रेरक साखर टिकवते. ओसाकातले बारसे काही चुकले नव्हते.

२०२१ मध्ये जपानने अ‍ॅनामोरेलिन या गोळीला मान्यता दिली. तीही त्याच कुलपाला लागते. ती दिली जाते फुप्फुस, जठर, स्वादुपिंड किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने खंगत चाललेल्या, जेवणाचे ताट परत पाठवणाऱ्या रुग्णांना.