सूक्ष्म यंत्रांचे कारागीर

दिनांक १३ सप्टेंबर २०२१ रोजी दुपारी जर्मनीतील ड्रेस्डेन शहराची वीज एकाएकी गेली. सुमारे तीन लाख घरांचा पुरवठा बंद पडला. चौकशीअंती कारण सापडले ते असे की, वाढदिवसाला मुलांसाठी आणतात तसला, धातूचा मुलामा चढविलेला एक फुगा वीज-उपकेंद्रात जाऊन पडला होता व त्यामुळे शॉर्टसर्किट झाले होते. घरोघरचे दिवे लवकरच पुन्हा लागले. परंतु त्याच शहरात बॉश, इन्फिनियॉन आदी कंपन्यांचे चिप तयार करण्याचे मोठमोठे कारखाने आहेत. त्यांतील काम थांबले होते. आणि असा कारखाना वीज परतली म्हणून बटण दाबून पूर्ववत चालू करता येत नाही. निर्वात पंप, भट्ट्या, वायूंच्या नळ्या, हवा गाळणारी यंत्रे या साऱ्यांची एकेक करून तपासणी करावी लागते. ही तपासणी करणारा माणूस कोण, तो हे काम कोठे शिकतो आणि आपल्या मुलामुलींनी या व्यवसायाकडे वळावे किंवा नाही, याचा थोडा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. मोबाईल टेलिफोन, मोटारगाडी, इस्पितळातील यंत्रे, या सर्वांच्या पोटात असणारी चिप सिलिकनच्या चकचकीत चकतीवर घडविली जाते. ड्रेस्डेनमध्ये ग्लोबलफाउंड्रीज नावाची कंपनी २२ नॅनोमीटर या मापाच्या तंत्राने चिप बनविते. माणसाच्या केसाची जाडी ७०–८० हजार नॅनोमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामातील सूक्ष्मतेची कल्पना येईल. एका चकतीवर शेकडो क्रिया होतात व ती पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागतात. शेवटच्या आठवड्यात एखादे यंत्र बिघडले, तर मागील सर्व आठवड्यांचे श्रम वाया जातात.

अशा यंत्रांपैकी एक प्रकार चकतीवरील नको असलेला थर कोरून काढण्याचा असतो. बंद निर्वात पेटीत वायू सोडून त्याला विजेने प्रज्वलित करतात व तो तप्त वायू चकतीचा पृष्ठभाग खातो. मात्र त्याचबरोबर पेटीच्या भिंतींवर एक प्रकारची पुटे चढत जातात, जशी आपल्या घरी तव्याच्या कडेला चढतात. ठरावीक काळाने ती पुटे सुटू लागतात आणि त्यांचा कण चकतीवर पडतो. म्हणून तंत्रज्ञ ती पेटी उघडतो. आत साचलेले वायू विषारी असू शकतात, यास्तव आधी त्यांचा निचरा करावा लागतो. मग धागे न सुटणाऱ्या फडक्याने भिंती पुसणे, झिजलेले काचेचे व चिनी मातीचे भाग बदलणे, रबरी कड्या नव्या बसविणे, झाकण समान दाबाने आवळणे आणि पंप लावून हवा काढणे. शेवटी हेलियम वायूच्या साहाय्याने कोठे गळती आहे काय ते पाहतात, कारण हेलियमचा अणू इतका लहान की तो नकळत्या फटीतूनही आत शिरतो. त्यानंतर कोऱ्या चकत्या चालवून त्यांवर किती कण पडले ते मोजावयाचे. आकडा ठरलेल्या मर्यादेत आला तरच यंत्र उत्पादनाच्या स्वाधीन करावयाचे.

हे सर्व अंगभर पांढरा झगा, हातमोजे, तोंडावर आच्छादन अशा वेशात. कारण या निर्धूळ कक्षात सर्वांत अस्वच्छ वस्तू म्हणजे माणूस होय. त्याच्या त्वचेतून अहर्निश कण गळत असतात. बायकांना पावडर-लाली वर्ज्य, हे ओघाने आलेच.

आता आमच्या मनातील खरी गोष्ट. गेली अनेक वर्षे पालक आमच्याकडे मुलांच्या भवितव्याविषयी सल्ला विचारण्यास येतात. मुलगा डॉक्टर होणार नसेल तर इंजिनियर व्हावा, आणि तेही जमत नसेल तर "काहीतरी टेक्निकल" करावे, असा तिसऱ्या वर्गाच्या डब्यासारखा हा क्रम ठरलेला असतो. दुरुस्ती करणारा म्हणजे शिक्षणात मागे पडलेला, ही समजूत आपल्यात फार खोल गेली आहे. हिंदुस्थानात असताना आपल्याच समाजातील किती माणसांनी रेल्वेच्या व गिरण्यांच्या वर्कशॉपात यंत्रे सांभाळून संसार उभे केले, याचा नातवंडांना विसर पडावा हे आश्चर्य होय.

जर्मनीत हा क्रम निराळा आहे, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका शिक्षकाकडे जाते. अध्यापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हांस गेओर्ग केर्शेनश्टाइनर हे नाव पाठ करावे लागे. उच्चार आमच्या प्राध्यापकांनाही नीट जमत नसे. हे गृहस्थ १८९५ ते १९१९ या काळात म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख होते. शाळा सोडून कामाला लागलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी धंदेवार शाळा काढल्या. हाताने केलेले नेटके काम हेही मनाचे व नागरिकत्वाचे शिक्षण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच विचाराच्या परंपरेत, आणि १९६९ च्या कायद्याने देशभर एकसारखी झालेली, जर्मनीची दुहेरी उमेदवारीची पद्धत आजही चालू आहे. उमेदवार आठवड्यातील काही दिवस अथवा काही आठवडे सलग व्यावसायिक शाळेत बसतो, व उरलेला काळ कारखान्यात काम शिकतो. त्याला वेतन मिळते. २०२० साली कायद्याने किमान वेतन ठरविले तेव्हा पहिल्या वर्षाच्या उमेदवारास ते महिना ५१५ युरो होते व पुढे वाढत गेले.

१९९८ साली या पद्धतीत 'मिक्रोटेख्नोलोगे', म्हणजे सूक्ष्मतंत्रज्ञ, हा नवा व्यवसाय नोंदला गेला. मुदत तीन वर्षे. चिप बनविणे व सूक्ष्म उपकरणे बनविणे अशा दोन शाखा. ज्यांना उपकरणे जोडणे, तपासणे व दुरुस्त करणे यांत अधिक रस आहे त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिकचा साडेतीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. शिक्षक या नात्याने आम्हांस दोन बाबी विशेष भावल्या. पहिली, उमेदवाराने आपण काय केले व काय शिकलो याची नियमित वही ठेवली पाहिजे. ती नसेल तर परीक्षेस बसता येत नाही. दुसरी, परीक्षक मंडळात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि व्यावसायिक शाळेचा किमान एक शिक्षक असावाच लागतो. केवळ मालकाने शिफारस केली म्हणून कोणी कारागीर ठरत नाही. पुढे अनुभवानंतर 'माइस्टर'ची परीक्षा देता येते, आणि ती पात्रता जर्मनीच्या राष्ट्रीय शैक्षणिक आराखड्यात पदवीच्याच, म्हणजे सहाव्या, पायरीवर ठेवलेली आहे.

मग हा धंदा सुरक्षित आहे काय? पालकांचा हा पहिला प्रश्न असतो, व त्याचे उत्तर ड्रेस्डेनच्या इतिहासातच मिळते. १९६१ साली, ते शहर कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत असताना, व्हेर्नर हार्टमान या पदार्थशास्त्रज्ञाने तेथे सूक्ष्म-विद्युत् संशोधनाची संस्था काढली. १९७४ साली गुप्त पोलिसांच्या संशयापायी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पाश्चात्य राष्ट्रांनी अशी यंत्रे पूर्वेकडे विकण्यास बंदी घातली होती. काही यंत्रे तिसऱ्या देशांतून चोरवाटेने आणली जात. आता चोरून आणलेल्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी विकणाऱ्याचा माणूस कसा बोलावणार? जे करावयाचे ते तेथल्याच तंत्रज्ञांनी केले. सप्टेंबर १९८८ मध्ये एक मेगाबिट स्मरणशक्तीची चिप राष्ट्रप्रमुख होनेकर यांना समारंभपूर्वक अर्पण करण्यात आली. दोनच वर्षांत ते राष्ट्रच नाहीसे झाले.

राष्ट्र गेले, परंतु हात शिल्लक होते. १९९४ साली सीमेन्सने ड्रेस्डेनमध्ये कारखान्याचे काम सुरू केले, त्यामागे या शिकलेल्या मनुष्यबळाचे आकर्षण होते. पाठोपाठ अमेरिकेची एएमडी आली. २००९ च्या जानेवारीत मात्र क्विमोंडा ही स्मरण-चिपांची कंपनी दिवाळखोरीत गेली व हजारो लोक घरी बसले. तिच्या ड्रेस्डेन येथील इमारती व यंत्रे २०११ साली इन्फिनियॉनने विकत घेतली. २०२१ च्या जूनमध्ये बॉशचा कारखाना उघडला. ऑगस्ट २०२४ मध्ये तैवानच्या टीएसएमसीने बॉश, इन्फिनियॉन व एनएक्सपी यांच्या भागीदारीत दहा अब्ज युरोहून अधिक खर्चाच्या कारखान्याची पायाभरणी केली. तेथे सुमारे दोन हजार माणसांस काम मिळेल असे जाहीर झाले आहे. याउलट माग्देबुर्ग शहरी इंटेलने २०२२ साली मोठ्या गाजावाजाने घोषित केलेला कारखाना २०२५ च्या जुलैमध्ये रद्द झाला. तेव्हा कंपनीच्या नावावर विसंबून मुलाचे आयुष्य ठरवू नये. ज्याला निर्वात पंप उमगला त्याला मालक बदलला तरी पंप बदलत नाही, एवढे मात्र खरे.

जर्मनीचे नाव आपल्या पत्रिकेत असे कौतुकाने घेतलेले काही वाचकांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून त्याच देशातील आणखी एका शाळेची आठवण देतो. बव्हेरियातील लांड्सबेर्ग या गावी १९४५ साली, छळछावण्यांतून वाचलेल्या यहुदी लोकांची एक निर्वासित छावणी होती. लिथुआनियातील ऑर्ट संस्थेचे माजी प्रमुख याकोब ओलेइस्की हेही दाखाऊच्या छावणीतून नुकतेच सुटलेले. त्यांनी त्याच वर्षी तेथे धंदेशिक्षणाचे वर्ग सुरू केले. शिवणकाम, लोहारकाम, मोटार-दुरुस्ती यांबरोबर रेडिओ-दुरुस्तीही शिकविली जाई. ज्यांचे घरदार, आप्तेष्ट सर्व गेले होते अशा माणसांच्या हाती प्रथम हत्यार द्यावे, असे या मनुष्यास वाटले. याच ऑर्ट संस्थेने साठीच्या दशकात मुंबईत आपल्या समाजाच्या मुलामुलींसाठी वर्ग काढले, आणि इस्राएलमध्ये आल्यावरही आपली कित्येक मुले ऑर्टच्याच शाळांत शिकली. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. या कामासाठी गणित व पदार्थविज्ञान बरे असावे; पण त्याहून धीर व टिपणे ठेवण्याची सवय अधिक उपयोगी. घाईने स्क्रू आवळणाऱ्या हुशार मुलापेक्षा, सूचनापत्र दोनदा वाचणारी मध्यम बुद्धीची मुलगी येथे पुढे जाईल. आमच्या मते मुलींनी या व्यवसायाचा अवश्य विचार करावा. आमच्यापैकी ज्यांचे नातलग अद्याप मुंबई-पुण्याकडे आहेत त्यांस सांगावेसे वाटते की, १ मार्च २०२० पासून जर्मनीने पदवी नसलेल्या परंतु रीतसर प्रशिक्षित परदेशी कारागिरांसाठी कायद्याने वाट अधिक मोकळी केली आहे. मात्र जर्मन भाषा आल्यावाचून गत्यंतर नाही. पुण्यामुंबईस मॅक्सम्युलर भवनात ती शिकता येते. जे इस्राएलमध्येच राहणार त्यांना दूर जाण्याचेही कारण नाही. किर्यात गाथ येथे इंटेलचा कारखाना १९९९ पासून आहे, मिग्दल हाएमेक येथे टॉवरचा आहे, आणि बिघडलेले यंत्र येथे जसे उघडावे लागते तसेच ड्रेस्डेनलाही.

एक अडचण मात्र आधीच सांगितलेली बरी. हे कारखाने रात्रंदिवस, आठवड्याचे सातही दिवस चालतात. देखभालीची माणसे पाळ्यांनी कामावर येतात, व पुष्कळ ठिकाणी पाळी बारा तासांची असते. नवीन माणसाच्या वाट्याला रात्री येतात, जर्मनीत शुक्रवारची संध्याकाळ व शनिवारही येतात. ज्या घरी शब्बाथ कसोशीने पाळला जातो त्यांनी उमेदवारीच्या करारावर सही करण्यापूर्वी पाळ्यांचा तक्ता मागून घ्यावा व कामगार-प्रतिनिधींना भेटावे. तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यात कमीपणा मानू नये.