ठासणीच्या बंदुकीची माशी

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पुष्कळ शेतकऱ्यांपाशी शेतीच्या राखणीकरिता परवान्याची ठासणीची बंदूक असते. 1959 च्या शस्त्रांच्या कायद्याच्या 13 व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणाकरिता ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. परवाना, दारू, टोप्या यांची काळजी शेतकरी घेतो. परंतु नळीच्या तोंडाजवळ असणाऱ्या चिमुकल्या माशीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. वास्तविक ठासणीच्या बंदुकीस एकच बार मिळतो. दुसरा ठासून होईपर्यंत जखमी रानडुक्कर एक तर अंगावर येते किंवा रानात शिरून तडफडत मरते. पलीकडच्या माळ्यावर शेजाऱ्याचा राखणदार बसलेला असल्यास चुकलेली गोळी काय अनर्थ करील हे सांगावयास नको. सबब माशीचा विचार येथे थोडा विस्ताराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम माशीचे प्रयोजन काय ते पाहू. दारूचा जोर बुडाशी अधिक असतो, म्हणून नळी बुडाशी जाड व तोंडाशी बारीक केलेली असते. समजा, नळी 36 इंच म्हणजे एक यार्ड लांब आहे, आणि तिच्या मध्यरेषेपासून वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर तोंडाशी बुडापेक्षा दीड सुताने कमी आहे. आता नळीच्या पाठीवरून नजर लावली, तर ती नजर तोंडाकडे उतरती जाते, आणि गोळीचा मार्ग तिच्या मानाने चढता राहतो. एका यार्डावर दीड सूत, तर 30 यार्डांवर 45 सूत, म्हणजे साडेपाच इंचांहून अधिक फरक झाला. त्यातून नळीची जाडी व गोळीची स्वाभाविक पड वजा केली, तरी गोळी दोनतीन इंच वरून जाते. तोंडाशी दीड सूत उंचीची माशी बसविली, तर नजर व नळी समांतर होतात. पण मग पडीमुळे गोळी खाली लागते. योग्य उंची या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असते, आणि ती प्रत्येक बंदुकीस व प्रत्येक बारास निराळी असते.

याच कारणास्तव अमेरिकेत पेनसिल्व्हानिया प्रांतातील अठराव्या शतकातील कारागीर आपल्या लांब, आतून पेच कोरलेल्या ठासणीच्या रायफलीवर रुप्याची किंवा पितळेची बारीक पात्यासारखी माशी खाचेत बसवीत. अशा माशीची उंची कानशीने कमी करता येते व ती आडवी सरकविताही येते. आपल्याकडील बंदुका बहुधा गुळगुळीत नळीच्या असतात व त्यांस मागची खाच नसते. तेव्हा नेमबाजाचा डोळा हीच मागची खाच होय. गाल दस्त्यावर दर वेळी एकाच ठिकाणी टेकला नाही, तर उत्तम माशीही निरुपयोगी ठरते.

दुरुस्तीचा नियम अगदी सोपा आहे. गोळी जिकडे जाते तिकडे माशी न्यावी. गोळी खाली लागत असेल, तर माशी खाली करावी म्हणजे घासावी. वर लागत असेल, तर उंच माशी बसवावी. उजवीकडे जात असेल, तर माशी उजवीकडे सरकवावी. पुष्कळांस हे उलटे वाटते. परंतु माशी ठेंगणी झाली म्हणजे ती नजरेच्या रेषेत आणण्याकरिता नळीचे तोंड आपोआप वर उचलावे लागते, हे ध्यानात घेतल्यास शंका राहत नाही.

किती घासावे, याचे त्रैराशिक असे. वरील नळीत 30 यार्डांवर माशीचा एक सूत फरक म्हणजे निशाणावर 30 सूत, म्हणजेच पावणेचार इंच. गोळ्या तीन इंच खाली लागत असतील, तर तीन इंचांचा तिसावा हिस्सा, म्हणजे एक दशांश इंच घासणे आवश्यक झाले; हे पाऊण सुताहून किंचित अधिक भरते. एवढे एकदम घासू नये. निम्मे घासून पुन्हा पाहावे, कारण घासलेली धातू परत येत नाही. म्हणून नवी माशी नेहमी थोडी उंचच बसवून घ्यावी.

एका बारावरून निर्णय करू नये. दारूचे माप तेच, गोळी तीच, चिंधी तीच ठेवून, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकून पाच बार काढावे व त्यांच्या मध्यापासून चूक मोजावी. निशाणामागे मातीचा भक्कम उंच बांध असावा.

माशीची रुंदीही महत्त्वाची आहे. एक सूत रुंद माशी 30 यार्डांवर सुमारे तीन इंच जागा झाकते. दोन सुतांची माशी सहा इंच झाकील, म्हणजे जेथे गोळी लागावयाची ते मर्मस्थळच दिसेनासे होईल. पितळेची माशी संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात चांगली दिसते. पण उन्हात तिची एकच बाजू चमकते, डोळा त्या बाजूलाच मध्य समजतो आणि गोळी प्रकाशाच्या विरुद्ध बाजूस जाते. अशा वेळी तिला काजळीचे बोट लावावे. बार काढल्यावर माशीच्या मुळाशी दारूची काट साचून गंज चढतो. ती जागा पाण्याने पुसून, कोरडी करून तेल लावावे.

हे काम गावच्या लोहाराकडून करून घेऊ नये. बंदूक दुरुस्त करण्यास कायद्याने परवाना लागतो. शिवाय भट्टीच्या आचेने नळी बिघडते. परवानाधारक कारागिराकडेच जावे. जाण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. रिकाम्या नळीत गज पूर्ण घालून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवावी; पुढे कधी ती खूण तोंडाबाहेर राहिली, तर आत बार आहे असे समजावे. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तेथून परत आल्यावर माशी वाकली वा हलली आहे काय हे अवश्य पाहावे.

शेवटी एक गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 11 व्या कलमान्वये अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्यावाचून रानडुकरावर गोळी झाडू नये. परवानगी हाती असेल, तरच नेम धरावा. आणि नेम धरावयाचा, तर तो वायां जाऊ नये इतकी तयारी हंगामापूर्वीच करून ठेवावी, अशी आमची सर्व कास्तकार बंधूंस विनंती आहे.