परसातील कोंबड्या

हैदराबादेतील राजेंद्रनगर येथे कुक्कुटसंशोधनाची केंद्रीय संस्था १९८८ सालापासून कार्य करीत आहे. ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे परसात पाळण्याजोगे वाण तिनेच सिद्ध केले. वनराजा अंगाने भरदार असून अंडी व मांस या दोहोंस उपयोगी पडतो. ग्रामप्रिया मुख्यत्वे अंड्यांसाठी. गावठी कोंबडी वर्षाकाठी ५०-६० अंडी देऊन थांबते, तर चांगली निगा राखल्यास ग्रामप्रिया १५० हून अधिक देते. मात्र नवशिक्याची फसगत होते ती पुढेच. गावठी पिलू आईच्या पंखांखाली वाढते. यंत्रात उबवलेल्या या पिलांना आई नसते. पहिले सहा आठवडे ते आईपण घरच्या माणसांनाच पत्करावे लागते.

जमिनीवर दोन इंच भाताचे तूस पसरावे. पिले तूस खाऊ नयेत म्हणून पहिले काही दिवस त्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरावेत. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी उतरवावी. यासाठी जुन्या पद्धतीचा, तार तापणारा दिवाच टांगावा, हल्लीचा एल. ई. डी. दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली, तर त्यांना थंडी वाजत आहे. कडेला पळून चोच उघडून धापा टाकू लागली, तर दिवा वर उचलावा.

याहून मोठे संकट मानमोडीचे. १९२७ साली राणीखेत येथे आढळल्यावरून या रोगास राणीखेत असेही नाव पडले. हिरवट हगवण लागते, पंख गळतात, मान पिळवटते आणि दोन-चार दिवसांत सारे खुराडे ओस पडते. यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत घालावा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिची पुन्हा मात्रा द्यावी आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून घ्यावी. लशीच्या एका कुपीत शेकडो मात्रा असतात व एकदा कालवलेली लस उरवून ठेवता येत नाही. दहा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार, या विचाराने पुष्कळ घरी लस टळते. हा हिशेब अंगाशी येतो. आळीतील चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा. लस बर्फात आणावी व कोंबड्या खुराड्यात असताना सांजवेळी काम उरकावे. बाजारातून आणलेला नवा पक्षी तीन आठवडे निराळा ठेवावा.

सहा आठवड्यांनंतर पक्षी परसात मोकळे सोडावेत. किडे, कोवळे गवत, सांडलेले दाणे यांवर त्यांचे बरेचसे भागते. सायंकाळी मूठभर ज्वारी टाकली की ते आपणच खुराड्याकडे परततात. वनराजाच्या माद्यांस लाडाने अधिक चारू नये. त्यांच्या अंगी चरबी चढते व अंडी घटतात. अंड्यांच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा ठेवावा. येथील एप्रिल-मे महिन्यांत सावली आणि दिवसभर थंड पाणी हवेच. मुंगूस व बोका यांच्यासाठी खुराड्याची जाळी बारीक असावी.

ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी गावठी कोंबडीखाली उबवता येतात, परंतु हा वाण संकरित असल्याने पुढच्या पिढीत तोच गुण उतरत नाही. म्हणून पिले दर खेपेस संस्थेकडून वा खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच आणावीत.