हळद प्लेटमध्ये आणि पोटात

इन्क्युबेटरचं दार उघडलं की 37 अंशांची दमट ऊब हाताला लागते. आतल्या फ्लास्कमध्ये 'पीसी-3' पेशी वाढत असतात. 1979 साली अमेरिकेत 62 वर्षांच्या एका रुग्णाच्या हाडात पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरपासून ही वंशावळ सुरू झाली. भारतातल्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुण्यातली एनसीसीएस ही संस्था पुरवते.

संशोधक विद्यार्थिनी ट्रिप्सिन टाकून तळाला चिकटलेल्या पेशी सोडवते, मोजते आणि 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये सारख्या वाटते. रात्रभरात त्या पुन्हा तळ धरतात. मग पाळी हळदीतल्या कर्क्युमिनची. ते पाण्यात विरघळायला तयारच नसतं, म्हणून आधी डीएमएसओमध्ये विरघळवायचं. काही खळग्यांत नुसतं डीएमएसओच घालायचं; नाहीतर पेशी हळदीने मेल्या की द्रावकाने, हे कळणार कसं?

दोनेक दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन घातलं जातं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. कर्क्युमिन नसलेले खळगे गडद जांभळे होतात आणि मात्रा वाढेल तसा रंग ओळीगणिक फिकट होत जातो. वाढीला बळ देणारे एनएफ-कप्पा-बीसारखे संदेशमार्ग कर्क्युमिन मंदावतं, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण रंगावर भिस्त ठेवून चालत नाही. कर्क्युमिन स्वतःच पिवळं, शिवाय एमटीटीशी परस्पर क्रिया करणारं. म्हणून खळगे धुवायचे आणि ट्रिपॅन ब्लू या रंगाने मेलेल्या-जिवंत पेशी वेगळ्या मोजायच्या. हा खटाटोप न करता काढलेल्या निष्कर्षाला फारशी किंमत नाही.

इथवर हळद जिंकते.

पेशींवर घातलेली मात्रा असते साधारण 20 मायक्रोमोलर, म्हणजे लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण पोटात घेतल्यावर तेवढंही रक्तात पोचत नाही. 2006 च्या एका अभ्यासात 24 निरोगी स्वयंसेवकांना 500 मिलिग्रॅमपासून 12 ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं गेलं. ते रक्तात सापडलं फक्त दोघांच्या, तेही 10 आणि 12 ग्रॅम घेतलेल्यांच्या, आणि अगदी थोडं. बाकीचं आतडं आणि यकृत परस्पर निकालात काढतात. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये मिऱ्यातलं पायपरिन जोडीला दिलं, तेव्हा शोषण 20 पटींनी वाढलं. तेव्हापासून कॅप्सूलवाल्यांचं फावलं. मात्र अशा जोडगोळीने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

आमटीतली हळद खुशाल खा. प्रोस्टेटचे उपचार चालू असताना कर्क्युमिनची कॅप्सूल घेत असाल, तर ते तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा.